पोटखराबा

धारूरच्या घाटावर, गट नंबर दोनशे चौदा.
खासरा पत्रकात लिहिलंय: बरड.
सातबाऱ्यावर लिहिलंय: पोटखराबा.
आणि माझ्या वहीत, मीच, माझ्याच अक्षरात:
पीक नाही, झाड नाही, काही नाही.

तीन दिवस आम्ही दुपारचेच पोचायचो.
आधी साहेबांची सही, मग वडवणीला डिझेल,
मग कुणाचा तरी डबा विसरलेला.
वर जाईस्तोवर ऊन टाळूवर,
मुरूम तव्यासारखा,
कुसळं पायमोज्यात शिरलेली.
मुनीरभाई काठी धरून उभे,
मी तिपाईवरच्या काचेतून बघायचो:
काठी, काठीमागं तरवड, तरवडामागं आभाळ.
खाली बघायचं काम मोजणीत नसतं.

चौथ्या दिवशी उतरतीला जीपचा पाटा तुटला.
केवळबाईच्या मेंढवाड्याशेजारी पथारी टाकली.
तिनं भाकरी दिली, ठेचा दिला,
साठ मेंढरांचा वास असलेली घोंगडी दिली.
रात्रभर टिटवी कुणाला तरी हटकत राहिली.

सकाळी तांब्या घेऊन निघालो तर
पाय ठेवायला जागा नाही.

निळं.

निळीच्या पुडीचं नव्हे, शाळेच्या शर्टाचं नव्हे,
गॅस अगदी बारीक केल्यावर
उरतं ना, तेवढं.
एकेक फूल करंगळीच्या नखाहून लहान.
जुंबा जमिनीला बिलगलेला,
मधून चहूकडं दोरे सोडलेले,
पानांवर लव,
तान्ह्या पोराच्या कानशिलावर असते तशी.
काल ज्या खुंटावर मी हातोडा घातला
त्याच्या बुडाशी सात फुलं.
मोजली. सवयच ती.

‘हे कधी उगवलं?’
केवळबाई मेंढीच्या खुरातला काटा काढत होती.
मान वर न करता म्हणाली,
‘उगवतंय कुठलं? हितंच असतंय.
मेंढरं वरनं खात्यात. खाली मुळी हाय लाकडावानी,
उन्हाळ्यात बी मरत न्हाई.
तुमीच येताव दुपारी.
दुपारी ते मिटतंय.’

नाव विचारलं.
‘नाव कशाला? हाक मारायची व्हय त्याला?’
मग थोड्या वेळानं, काटा निघाल्यावर,
‘पोट खराब झालं की
ह्येच उकळून देताव लेकरांना.’

मुनीरभाई उकिडवे बसले होते.
‘अम्मी शंखाहुली म्हणायची,’ ते म्हणाले,
आणि बराच वेळ काठी उचललीच नाही.
मला आठवत होतं ते विष्णुक्रांत,
तेही शाळेतल्या कुठल्याशा तक्त्यावरचं,
ज्याचा रंग उडून करडा झालेला.

साडेअकराला बघितलं, अर्धी मिटलेली.
बाराला एकही नाही.
मुरूम, कुसळं, ऊन.
वहीतलं माझं वाक्य पुन्हा खरं झालं.

नकाशाला सगळ्यांच्या खुणा असतात:
विहिरीला गोल, देवळाला त्रिकोण,
कबरीला, बांधाला, एकट्या बाभळीलासुद्धा.
दोनशे चौदावर मी शाईचा एक ठिपका दिला.
साहेबांनी विचारलं, हा डाग कसला?
म्हटलं, पेन गळतंय.
त्यांनी ब्लेडनं हळूच खरवडला, सफाईचे आहेत हाताचे.
कागद तिथं तेवढा पातळ झालाय.
खिडकीशी धरला
तर त्या जागेतून उजेड जरा जास्त येतो.

पुढल्या वर्षी तिथं काचेच्या पाट्या बसणार,
उन्हाची वीज होणार.
पाट्यांच्या सावलीत ते उघडतं का,
सकाळ झाली हे त्याला कळतं का,
मला माहीत नाही.
केवळबाईला विचारायला हवं, पण ती आता
मेंढरं घेऊन खाली गंगेच्या अंगाला गेली असेल.

मी हल्ली कुठंही मोजणीला जायचं तर
सकाळची वेळ मागतो.
ऑफिसात सांगून ठेवलंय
की मला ऊन सोसत नाही.